इंग्रजी क्रियापदामागचे 'अप'

काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी एक पत्र घेऊन आमच्याकडे आला. मुलगा हुशार, इंग्रजीत त्याला नेहमीच चांगले गुण मिळत. एका योजनेखालील जागेसाठी त्याने अर्ज केला होता आणि त्या कचेरीकडून त्याला दोन ओळींचे उत्तर आले होते. ज्या योजनेखाली आपण अर्ज केला ती योजना 'हॅज बीन वाउंड अप', एवढाच त्या पत्राचा मथितार्थ. आमच्या विद्यार्थ्याला 'वाइंड अप' हा प्रयोग ठाऊक होता. घड्याळाला किल्ली देणे, ह्या अर्थाने तो शाळेत शिकला होता. किल्ली दिलेले घड्याळ चालू लागते. तेव्हा ती योजनाही आता चालू झाली असली पाहिजे, असा तर्क करून तो बोलावण्याची वाट पाहत राहिला. दरम्यान दुसरीकडे मिळत असलेली, पगाराने थोडी कमी अशी जागा त्याने नाकारली. तीन महिन्यांनी ते पत्र त्याने आमच्यापुढे ठेवले, तेव्हा योजना चालू झालेली नसून गुंडाळण्यात आली आहे, हे सांगण्याची पाळी आमच्यावर आली. शब्दकोशात त्याने 'वाइंड' पाहिला होता. 'अप' पाहण्याची त्याला गरजच वाटली नव्हती. त्या एवढ्याशा शब्दाला स्वतःचा काही कारभार असतो, हे त्याला कोणी शिकविले नव्हते. आणि त्याला इंग्रजी शिकविणाऱ्यांत आम्हीही होतो.

ह्या प्रसंगाने आम्हास जे शोधावयास लावले, ते आमच्या शिक्षकबंधूंपुढे व भगिनींपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. 'पुट', 'टेक', 'गिव्ह', 'मेक', 'लुक' अशी रोजच्या वापरातील आखूड क्रियापदे, आणि त्यांच्या मागे लागणारी 'अप', 'डाउन', 'आउट', 'ऑफ', 'इन', 'ऑन' अशी तितकीच आखूड अव्यये, ह्यांच्या संयोगातून इंग्रजीत हजारो प्रयोग तयार झाले आहेत. आपल्या शाळांत ते पाठ करून घेतले जातात. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'टर्न अप' म्हणजे उगवणे, 'मेक अप' म्हणजे भरून काढणे, अशी यादी विद्यार्थी लिहून घेतो, परीक्षेपुरती लक्षात ठेवतो आणि नंतर विसरतो. आमचे म्हणणे असे की, ही यादी मुळात यादी नव्हे. तिच्यात एक व्यवस्था आहे, आणि ती व्यवस्था मराठी विद्यार्थ्याला परकी नाही. त्याच्या स्वतःच्या बोलीत तिचा जोडीदार आधीच वावरत आहे. हे दाखविण्यासाठी आम्ही सर्व अव्यये न घेता 'अप' हे एकच घेतो, कारण सर्वांत अधिक गोंधळ त्यानेच माजविला आहे.

प्रथम नावाविषयी. ह्या प्रयोगांना इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ ह्यांनी १९२५ साली आपल्या 'वर्ड्स अँड इडियम्स' ह्या पुस्तकात रूढ केली, आणि ती आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली ह्यांनी सुचविली, असे त्यांनी नमूद केले आहे. नाव असे अलीकडचे असले तरी अडचण जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांनी १७५५ साली आपला प्रख्यात कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच क्रियापदामागे अव्यय लावून अर्थ पालटण्याच्या ह्या रीतीचा त्यांनी निर्देश केला, आणि परकीयांना सर्वांत मोठी अडचण हीच पडते, असे सांगितले. आपला विद्यार्थी अडखळतो, ह्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही, हे एवढ्यावरून कळून यावे. ह्या लेखापुरते आम्ही ह्या प्रयोगांना 'जोडक्रियापदे' म्हणतो.

आता व्याकरणाकडे वळू. आपल्याकडे 'अप', 'इन', 'ऑन' इत्यादी शब्द सरसकट शब्दयोगी अव्यये म्हणून शिकविले जातात. गोंधळाची सुरुवात येथेच होते. पुढील दोन वाक्ये पाहावीत: 'ही रॅन अप द हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. दोन्ही वाक्यांची ठेवण कानाला एकच वाटते. परंतु पहिल्याचा अर्थ 'तो टेकडीवर धावत गेला', आणि दुसऱ्याचा 'त्याने उधारी वाढवून ठेवली'. पहिल्या वाक्यात 'अप' चा संबंध टेकडीशी आहे; ते खरोखरच शब्दयोगी आहे. दुसऱ्यात त्याचा बिलाशी संबंध नाही. ते क्रियापदाला जडलेले आहे. अशा अव्ययाला क्रियायोगी म्हणावे. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला ह्यात नवे काही वाटणार नाही. 'प्र', 'परा' वगैरे शब्दांचा क्रियेशी योग असेल तरच त्यांना उपसर्ग ही संज्ञा मिळते, असे पाणिनीने सांगून ठेवले आहे.

हा भेद ओळखण्याच्या दोन कसोट्या वर्गात उपयोगी पडतात. पहिली सर्वनामाची. जोडक्रियापदाचे कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते: 'लुक इट अप' असे म्हणतात, 'लुक अप इट' असे म्हणत नाहीत. उलट 'लुक ॲट इट' मध्ये 'ॲट' हे शब्दयोगी असल्यामुळे सर्वनाम त्याच्या मागून येते. दुसरी कसोटी आघाताची. 'लुक इट अप' म्हणताना जोर 'अप' वर पडतो. 'लुक ॲट इट' मध्ये तो 'लुक' वर पडतो. विद्यार्थ्याचा कान एकदा ह्या आघाताला सरावला, म्हणजे निम्मे व्याकरण त्याला न शिकविताच येते. 'पुट अप विथ' सारख्या तीन पदी प्रयोगात 'अप' क्रियायोगी असते व 'विथ' शब्दयोगी. म्हणून सर्वनाम शेवटीच येते.

उपसर्ग धातूच्या आधी आणि इंग्रजी अव्यय क्रियापदाच्या मागून, हा फरक कोणाच्याही डोळ्यांत भरेल. पण तो वाटतो तितका मूलगामी नाही. जुन्या इंग्रजीतही अशी अव्यये व उपसर्ग क्रियापदाच्या आधी जोडण्याची रीत होती. 'फर्गिव्ह', 'विथस्टँड', 'ओव्हरकम' ही तिची आजवर राहिलेली शिल्लक होय. मध्ययुगात ती रीत मागे पडत गेली आणि अव्यय मागून ठेवण्याची रीत बळावली. उलट आपल्याकडे वैदिक भाषेत उपसर्ग धातूपासून सुटा राहू शकतो, क्वचित मागूनही येतो, ह्याची नोंद पाणिनीनेच केली आहे. जागेच्या बदलाने अर्थ मात्र पालटतो, हे विद्यार्थ्याला बजावून सांगावे लागते. 'सेट अप' म्हणजे उभारणे, तर 'अपसेट' म्हणजे उलथून टाकणे. 'लुक ओव्हर' म्हणजे नजरेखालून घालणे, तर 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून निसटू देणे.

येथे नामसाम्याने होणारा एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'अपमान', 'अपहार' ह्यांतील संस्कृत 'अप' चा इंग्रजी 'अप' शी संबंध नाही. त्याचा इंग्रजी आप्त म्हणजे 'ऑफ'; दूर सारण्याचा अर्थ दोहोंत आहे. इंग्रजी 'अप' चा आप्त म्हणजे आपला 'उप'. उपनगर म्हणजे नगराजवळचे. उपगमन म्हणजे जवळ जाणे. 'ही केम अप टु मी' म्हणजे तो माझ्यापाशी आला. येथे तो जिना चढून आला असेल असे नाही. ही सोयरीक ध्यानात राहिली, तर हा अर्थ निराळा पाठ करावा लागत नाही.

आता 'अप' चे अर्थ क्रमाने घेऊ. मूळ अर्थ वर जाण्याचा. 'स्टँड अप', 'गेट अप', 'लिफ्ट अप' ह्यांत तो उघड आहे. तेथे कोणी चुकत नाही. दुसरा अर्थ वर सांगितलेला, जवळ येण्याचा. 'कॅच अप', म्हणजे मागून येऊन गाठणे, हे त्याचेच उदाहरण. तिसरा वाढीचा. जे वाढते ते उंचावते: 'ग्रो अप', मोठे होणे, 'स्पीक अप', आवाज चढवून बोलणे, 'स्पीड अप', वेग वाढविणे. आपणही आवाज 'चढवितो', भाव 'चढतात', ताप 'चढतो'. तेव्हा हा अर्थ समजावयास विद्यार्थ्याला आपल्या घराबाहेर जावे लागत नाही. चौथा अर्थ प्रकट होण्याचा. जे पृष्ठभागावर येते ते दिसते: 'टर्न अप', 'शो अप', म्हणजे उगवणे, हजर होणे, 'डिग अप', उकरून काढणे, 'लुक अप', कोशातून शोधून काढणे, 'थिंक अप', विचार करून युक्ती काढणे. 'वर्गात उशिरा उगवला' असे आपण म्हणतो, तेव्हा आपण हेच रूपक वापरीत असतो.

पाचवा अर्थ सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अडचणीचा, तो म्हणजे पूर्णतेचा. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'बर्न अप', 'टेअर अप' ह्यांत काहीही वर जात नाही. मग 'अप' कशासाठी? ह्याचा दुवा 'फिल अप' ह्या प्रयोगात सापडतो. घागर भरताना पाणी चढत जाते आणि काठाशी आले म्हणजे भरण्याचे काम संपते. तेथे वर जाणे आणि पुरे होणे ह्या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात. एकदा ही गाठ पडली की, जेथे वर जाण्याचा प्रश्नच नाही तेथेही 'अप' हे 'पुरतेपणी, काही शिल्लक न ठेवता' असा अर्थ देऊ लागते. 'ही ड्रँक द मिल्क' म्हणजे तो दूध प्यायला. 'ही ड्रँक अप द मिल्क' म्हणजे त्याने दूध पिऊन टाकले. काम तडीस गेले म्हणजे ते बंद होते, आवळले जाते. म्हणून 'टाय अप', 'लॉक अप', 'रॅप अप' ही बांधण्याकोंडण्याची क्रियापदेही ह्याच गोटात येतात. 'द टाइम इज अप', वेळ संपली. 'द मीटिंग ब्रोक अप', सभा उठली. हे दुसरे भाषांतर वाचकांनी नीट पाहावे. सभा उठली, पंगत उठली, बाजार उठला, असे आपणही म्हणतो. उठणे म्हणजे वर जाणे. आणि तरीही ह्या प्रयोगांत ते संपणे आहे. जी गोष्ट इंग्रजीची लहर म्हणून आपण शिकवितो, ती आपल्याच अंगणात आहे.

'मेक अप' ह्या एका प्रयोगाचे अनेक अर्थ कोशात दिसतात आणि विद्यार्थी गोंधळतो. तोटा भरून काढणे, भांडण मिटविणे, नटाचा चेहरा रंगविणे, खोटी कहाणी रचणे. परंतु उणे असेल ते घालून पुरे करणे हा धागा ह्या सर्वांतून ओवता येतो. तोट्यात पैशाचे उणे, भांडणात सलोख्याचे, चेहऱ्यात रूपाचे. आणि रचलेल्या कहाणीत तर जे मुळातच नव्हते तेही पदरचे घालून पुरे केलेले. तसेच 'मेकअप', 'लॉकअप', 'चेकअप', 'सेटअप' हे शब्द आता मराठीत इतके मुरले आहेत की, अशिक्षित माणूसही ते बोलतो. चेकअप म्हणजे नुसते पाहणे नव्हे, पुरती तपासणी. म्हणजे ज्याला आपण 'अप' शिकवू पाहतो, त्याच्या तोंडी ते आधीच रुळले आहे. केवळ बोट ठेवून दाखविण्याचे काम उरते.

येथवर 'टाकणे', 'काढणे', 'देणे' ही क्रियापदे आमच्या भाषांतरात वारंवार आली आहेत, आणि हाच ह्या लेखाचा गाभा आहे. 'खाऊन टाकणे' ह्यात टाकण्याची क्रिया घडत नाही. तेथे 'टाकणे' आपला अर्थ सोडून केवळ पुरेपणाची छटा देते. इंग्रजीत जे काम अव्यय करते, ते मराठीत दुसरे क्रियापद करते. 'लिहिणे' हे एकच क्रियापद घ्यावे. शिक्षक सांगतात ते आपण 'लिहून घेतो': 'टेक डाउन'. विसरू नये म्हणून 'लिहून ठेवतो': 'राइट डाउन'. सबंध धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत 'लिहून काढतो': 'राइट आउट'. 'गिव्ह अप' म्हणजे 'सोडून देणे', 'ट्राय आउट' म्हणजे 'करून पाहणे', 'बॅक अप' म्हणजे 'उचलून धरणे'. ह्यातील 'घेणे', 'ठेवणे', 'काढणे' ह्यांचा भेद मराठी मुलाला कोणी शिकवीत नाही, पण तो त्यात कधी चुकत नाही. त्याच्या ह्या उपजत ज्ञानाला आपण इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर उभे करतो, ही आमची तक्रार आहे.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या केंद्रांत वर्गातील सर्वच मुले मराठी नसतात, हे आम्ही जाणतो. पण त्यामुळे ह्या पद्धतीस बाध येत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील मुलाचे 'खा डालना', वडोदऱ्याकडील मुलाचे 'खाई जवुं', बेळगावच्या कानडी मुलाचे 'तिंदुबिडु', हैदराबादच्या तेलुगू मुलाचे 'तिनेशाडु' हे सर्व 'खाऊन टाकणे' ह्याच घराण्यातील होत. कोठे दुसरे क्रियापद 'टाकणे' आहे, कोठे 'जाणे', कोठे 'सोडणे', रीत एकच. संस्कृतोद्भव व द्राविड अशा दोन्ही कुळांतील भाषांत ही रीत पसरलेली आहे, ह्याचे सविस्तर विवेचन कॉलिन मसिका ह्या भाषाशास्त्रज्ञांनी दक्षिण आशियाच्या भाषाक्षेत्रावरील आपल्या १९७६ च्या ग्रंथात केले आहे.

साम्याच्या मोहात फरक मात्र दृष्टीआड होता कामा नये. पूर्णतेचा 'अप' सर्व क्रियापदांना लागत नाही. 'नो' किंवा 'लाइक' ह्यांना तो लागत नाही, कारण जाणण्याला वा आवडण्याला शेवटची पायरी नसते. मराठीतही 'आवडून टाकणे' होत नाही. येथवर दोघी भाषाभगिनी बरोबर चालतात. परंतु नकार आला की वाटा फुटतात. 'ही डिड नॉट ईट अप हिज मँगो' हे इंग्रजीत सरळ वाक्य आहे. त्याने आंबा खाल्ला असेल, पण संपविला नाही, असा त्याचा अर्थ. मराठीत 'त्याने आंबा खाऊन टाकला नाही' असे आपण सहसा म्हणत नाही. 'सगळा खाल्ला नाही' असे म्हणतो. शिवाय इंग्रजी अव्यय दिशेचे चित्र पुरते कधी सोडीत नाही. घर 'बर्न डाउन' होते, कारण ते कोसळताना दिसते. कागद 'बर्न अप' होतात, कारण त्यांचे काही उरत नाही. मराठीत दोन्ही 'जळून जातात'. उलट 'घेणे' आणि 'देणे' ह्यांच्या योगाने क्रिया कोणाच्या हिताची, हे मराठी सांगते. इंग्रजी अव्यय ते सांगू शकत नाही.

कोणी विचारील की, 'पुट आउट' ऐवजी 'एक्स्टिंग्विश', 'पुट ऑफ' ऐवजी 'पोस्टपोन', 'पुट अप विथ' ऐवजी 'टॉलरेट' म्हणता येत असता हा खटाटोप कशाला? आपले विद्यार्थी हे लॅटिन वळणाचे शब्द सहज शिकतात. ते एकपदी असतात व त्यांना एकेक मराठी प्रतिशब्द जोडता येतो. परंतु केवळ त्यांवर चालणारे इंग्रजी हे, जेवलो म्हणण्याऐवजी दर वेळी 'भोजन ग्रहण केले' म्हणणाऱ्याच्या मराठीसारखे होते. ते अशुद्ध नसते, पण त्यात कोणी राहत नाही. १९३० साली सी. के. ऑग्डेन ह्यांनी ८५० शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले, त्यात क्रियापदे अवघी १८ ठेवली. इतक्या थोड्या क्रियापदांवर सर्व व्यवहार चालेल असे त्यांना वाटले, ते मुख्यतः ह्या अव्ययांच्या जोरावर. त्या योजनेतील गोमही येथेच होती. 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तीन शब्द आले म्हणून 'पुट अप विथ' आपोआप येत नाही.

अव्ययाला स्वतंत्र अर्थ असतो, की ते क्रियापदाचाच अर्थ उजळते, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. सुटे उपसर्ग अर्थ सांगत नाहीत, असे शाकटायनाचे मत, आणि ते सांगतात असे गार्ग्याचे मत, यास्काने निरुक्तात नोंदविले आहे. शिक्षकाने ह्या वादात दोघांचेही ऐकावे. 'यूज अप', 'टेअर अप' शिकविताना गार्ग्याचे ऐकावे, कारण तेथे अव्ययाचा अर्थ स्वच्छ दिसतो. 'पुट अप विथ' शिकविताना शाकटायनाचे ऐकावे, कारण तेथे सगळा प्रयोग अखंडच घ्यावा लागतो. आमच्या अनुभवाने प्रयोगांची मांडणी क्रियापदानुसार न करता अव्ययानुसार करावी. एका तासाला पूर्णतेच्या 'अप' ची सहाच वाक्ये घ्यावीत, मुलांकडून त्यांचे मराठी करवून घ्यावे, आणि 'टाकणे' अथवा 'काढणे' कोठे आले हे त्यांनाच शोधू द्यावे. नियम शेवटी सांगावा. बहुधा तो तोवर मुलांनीच सांगितलेला असतो.

राहता राहिला 'वाइंड अप'. दोरा रिळावर गुंडाळीत जावे. शेवटचा वेढा बसला की काम संपते. घड्याळाची कमानही अशीच पुरती आवळली जाते, आणि मग घड्याळ चालते. योजनेचा पसारा पुरता आवळला, की ती बंद होते. दोन्ही ठिकाणी 'अप' ने गुंडाळण्याचा शेवट सांगितला. त्या शेवटानंतर काय होते, हे मात्र वस्तूवर अवलंबून. मराठीत आपण दोराही गुंडाळतो आणि गाशाही गुंडाळतो. हे सारे त्या दिवशी आम्ही आमच्या विद्यार्थ्यास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "सर, हे तर मला येत होतं." ते खरे होते. त्याला ते मराठीत येत होते. इंग्रजीच्या तासाला ते आम्ही त्याला कधी विचारले नव्हते. पुढे तो दुसरीकडे नोकरीस लागला. ते पत्र तो आमच्यापाशीच ठेवून गेला, आणि दरवर्षी 'अप' चा धडा आला की आम्ही ते वर्गात वाचून दाखवितो.